चौथा बोया

हार्लन टिडवेलच्या बोटीत डबा बसवायला रॉइस प्रुइट आला तेव्हा हार्लन धक्क्यावर उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता. तो उठला नाही.

"मिस्टर हार्लन, बघायला तरी या," बोटीच्या पोटात डोकं घालून रॉइस ओरडला.

"माझ्या बोटीत तू सुरुंग लावतोयस, तो मी जवळून बघू?"

"सुरुंग नाही हो. वेग धरून ठेवतो हा. तुमच्या हाताला आता सुट्टी."

"माझ्या हातानं सुट्टी मागितली होती का?"

रॉइस हसला. तो बोटी विकायचा, आणि बोटी विकणाऱ्याला कुठल्याही शिवीवर हसता येतं. कुंपणापलीकडे त्याचं स्वतःचं तळं होतं, तिथे स्की शिकवायला त्यानं पगारी माणसं ठेवली होती. या वर्षीपासून नियमच झाला होता. ज्या बोटीत डबा नाही, तिच्या मागे केलेली कामगिरी स्पर्धेत धरायची नाही. त्यामुळे हार्लनला डबा घ्यावाच लागला, आणि तोही रॉइसकडूनच. फ्लोरिडाच्या त्या कोपऱ्यात दुसरा विकणारा नव्हता.

खेळ सांगायला सोपा आहे. बोट सरळ रेषेत, ठरलेल्या एकाच वेगानं जाते. मागे दोराच्या मुठीला धरून, एकाच स्कीवर उभा असलेला माणूस. पाण्यात डावीकडे तीन, उजवीकडे तीन असे सहा तरंगते बोये, आणि बोटीला आत शिरायला नि बाहेर पडायला दोन टोकांना बोयांचंच एकेक दार. प्रत्येकाला बाहेरून वळसा घालायचा. सहा झाले की दोर आखूड करायचा आणि पुन्हा. पडेपर्यंत. जिंकणाराही पडतोच, तो फक्त सगळ्यांत उशिरा पडतो. दोर किती आखूड झाला ते रंगावरून कळतं: हिरवा, मग निळा, मग जांभळा. जांभळ्यावर तर दोर इतका आखूड असतो की तो बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसानं अंगानं भरून काढायचं, आडवं होऊन, हात लांबवून.

पण माणूस अशी ओढ घेतो तेव्हा बोट मागे खेचली जाते. चालवणाऱ्यानं नेमक्या त्या क्षणी गॅस द्यायचा, ओढ संपली की काढायचा. जास्त दिला तर मागच्याचे खांदे उखडतात. कमी दिला तर त्याला फुकटची सवलत मिळते. डबा यायच्या आधी हे सगळं हाताचं काम होतं, आणि अख्ख्या राज्यात हार्लनसारखा हात नव्हता. बोटीत पंच म्हणून डॉटी साइक्स बसायची, मागे तोंड करून, हातात घड्याळ घेऊन. बोट पहिल्या दारातून आत शिरली की दाबायचं, शेवटच्या दारातून बाहेर पडली की दाबायचं. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळावी लागते. हार्लनची जुळायची. प्रत्येक वेळी. स्पर्धेला तो आला की लोक म्हणायचे, "घड्याळ आलं." त्याला ते आवडायचं. माणसाला आयुष्यात एक तरी खरी गोष्ट लागते. त्याची ही होती.

तळंही त्याचंच. एका हिवाळ्यात थंडीनं संत्र्याची बाग जाळून टाकली. हार्लननं मेलेली झाडं उपटली, खालची वाळू रस्तेवाल्यांना विकली आणि खड्ड्यात पाणी चढू दिलं. शेजारी म्हणाले, वेडा झाला. पुढे त्याच शेजाऱ्यांची पोरं तिथे स्की शिकायला आली. त्याची स्वतःची पोर, कोरी, तिथेच वाढली. तिची आई लवकर गेली. त्यानंतर त्या घरात बापलेकीचं बोलणं असं उरलं नाही. तळ्यावर मात्र दोघं बोलायची: तो गॅसच्या दांड्यानं, ती दोरानं.

मागच्या वर्षी कोरीनं जांभळा पार केला. राज्यात पहिली. कप घरी आला. खत-बियाणांच्या दुकानात तिचा फोटो लागला. तिचं डेलन नावाच्या एका पोराशी जमलं होतं, भला होता, त्याला टेक्सासात नोकरी लागली. तो म्हणाला, चल. ती म्हणाली, इथे तळं आहे, डॅडी आहे, जांभळा आहे. डेलन गेला. तिला वाटलं, सौदा बरा झाला.

मग डबा आला.

*

वसंतातल्या पहिल्याच स्पर्धेत कोरी निळ्यावर पडली. चौथ्या बोयाला पोचायला उशीर झाला आणि दोरानं तिला पुढे फेकलं. लोकांनी "अरेरे" केलं. दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा निळा, पुन्हा चौथा बोया. तिसऱ्यात तेच.

"तो डबा खेचर आहे खेचर!" हार्लन धक्क्यावर ओरडला. "ऐकतच नाही! मागे माणूस आहे की ओंडका, काही पडलेली नाही त्याला!"

"बाकीच्या पोरी त्याच खेचराच्या मागून चालल्यात की," डॉटी म्हणाली. ती शेंगा खात होती. तिच्या तोंडात शेंग नसली तर काहीतरी लागणारं वाक्य असायचं.

"त्यांना सवय झालीय."

"हं," डॉटी म्हणाली, आणि पुढची शेंग फोडली.

हार्लननं डब्याच्या सगळ्या कळा दाबून पाहिल्या. त्यात कोरीच्या वजनाचा आकडा बदलून घातला, वारा मोजला, पाणी थंड की गरम ते हात बुडवून पाहिलं. डबा तसाच. ओढ आली की तो गुरगुरायचा आणि वेग जागचा हलू द्यायचा नाही. बोटीमागे कोण आहे, तिचा खांदा कधी निखळला होता, तिची आई कुठे पुरली आहे, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. लोक म्हणतात यंत्र निःपक्षपाती असतं. दगडही असतो.

आणि लोक सभ्य असतात. तोंडावर बोलत नाहीत, तंबूमागे बोलतात. तिसऱ्या स्पर्धेच्या दुपारी कोरी रॉइसच्या विक्रीच्या तंबूमागे ओला सूट सोडत होती. आत कुणीतरी म्हणालं, "बापाच्या हातावर पोसलेली पोर. हात काढला, की झालं." आणि सगळे हसले. ज्यांच्या पोरांना हार्लननं फुकट शिकवलं होतं, ते सगळ्यांत मोठ्यानं.

ती घरी आली तेव्हा हार्लन मासा तळत होता.

"डॅडी, एक विचारू?"

"हात धू आधी."

"तू मला मदत करायचास का?"

"कसली मदत?"

"बोटीत. मागची इतकी वर्षं. चौथ्या बोयाला."

हार्लननं गॅस बंद केला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग मानेकडून लाल होत गेला.

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते सोड. तू सांग."

"माझं घड्याळ कधी चुकलं? एकदा तरी? डॉटीला विचार! तिच्या हातात असायचं ते, माझ्या नाही. हळू चालवली असती तर वेळ वाढली असती. वाढली का कधी?"

"नाही."

"मग? दहा गावच्या लोकांनी माझ्या हाताखाली आपली पोरं दिली. मी कुणाला नकार दिला नाही, कुणाच्या पोराला सूट दिली नाही. तुला देईन?"

"तेच विचारतेय."

"नाही!"

 गॅस बंद होता, तरी तापल्या तव्यावर मासा करपायला लागला होता. हार्लननं तवा बाजूला आपटला.

"उद्या सकाळी चल. तोच डबा लावू. त्याला वेग धरू द्यायचा नाही, नुसतं लिहू द्यायचं. चालवीन मी. हातानं. एकेका बोयाची वेळ लिहितो ना तो? लिहू दे. मग दाखव तो कागद त्या रॉइसला आणि म्हण, हा घ्या माझ्या बापाचा हात."

"कागद नाही निघत त्यातून. पडद्यावर दिसतं."

"मग पडदा दाखव!"

कल्पना त्याचीच होती, हे नंतर कुणी लक्षात ठेवलं नाही. त्याला स्वतःबद्दल शंका नव्हती. खोटारडा माणूस असली पैज लावत नाही.

*

रविवार होता. पाण्यावर सुरकुती नव्हती. काठावरच्या सायप्रस झाडांवरच्या शेवाळाच्या दाढ्या सरळ खाली लोंबत होत्या, म्हणजे वाराही नव्हता. मगर पलीकडच्या काठाला ऊन खात पडली होती. ती नेहमीचीच, तिच्याकडे कुणी बघत नाही.

हार्लननं डब्याच्या पडद्यावर टॉवेल टाकला. "आधी बघायचं नाही. नाहीतर म्हणशील बघून बघून चालवली."

"मी काही म्हणणार नाही."

"हिरव्यापासून?"

"जांभळा लाव," पाण्यातून कोरी म्हणाली. "सरळ जांभळा."

त्यानं दोर आखूड करून जांभळ्या रंगाचा फासा बोटीच्या आकडीत अडकवला. बोट सुटली. दांडा हातात आला आणि हार्लनला किती महिन्यांनी जिवंत वाटलं. मागे ती उभी राहिली, ते त्याला आरशात न बघता कळलं. दोर सांगायचा. पहिलं दार. ती डावीकडून कापत आली, त्यानं दिलं, काढलं, दिलं, काढलं. पहिला. दुसरा. तिसरा. तो विचार करत नव्हता. विचार करणाऱ्याला हे जमत नाही. चौथा. पाण्याचा पंखा उठला आणि ऊन त्यात फुटलं. पाचवा. सहावा. शेवटचं दार.

मागून किंकाळी आली. आनंदाची. कोरीनं मूठ सोडली आणि ती पाण्यात बुडत बुडत दोन्ही हात वर करून ओरडत होती. "डॅडी! झाला! झाला जांभळा!"

हार्लन हसला. त्याचे डोळे भरून आले. मोठ्या ऐटीत त्यानं टॉवेल उचलला.

सगळ्यांत खाली बेरीज होती. ती अचूक होती, इतकी की डॉटीनं घड्याळ दोनदा पुसून पाहिलं असतं. पण वर एकेका बोयाचे आकडे होते, आणि हार्लनला आकडे वाचता येत होते. पहिल्या तिन्ही बोयांवर बोट जरा घाईत. चौथ्यावर मऊ, हळू. पाचव्यावर आणखी मऊ. सहावा झाल्यावर शेवटच्या दारापर्यंत बोट धावत सुटलेली, हिशोब जुळवायला. आधी थोडं चोरून बाजूला ठेवायचं, मध्ये पोरीच्या पदरात टाकायचं, शेवटी पळत जाऊन तिजोरीत पुन्हा भरायचं. आणि दारावर उभा असलेला शिपाई, ते घड्याळ, सलाम ठोकणार. घड्याळ दाराशीच मोजतं. आत काय होतं ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

घड्याळ बरोबर म्हणजे हात सरळ. ही त्यांची सगळ्यांची चूक होती. हार्लनची आयुष्यभराची.

त्याला ते वर्ष आठवलं. कोरी सतरा वर्षांची, केस दोन वेण्यांत. चौथ्या बोयाला उशीर झाला, दोर सैल पडला आणि मग ताणला, आणि तिचा खांदा खोबणीतून निघाला. ती पाण्यावर पालथी तरंगत होती. हार्लननं बोट तशीच सोडून उडी मारली होती. हातात आली तेव्हा ती श्वास घेत नव्हती. मग घेतला. त्यानंतर त्यानं तिला पुन्हा बोटीमागे घेतलं, कारण तिनंच हट्ट धरला. त्यानं काहीही ठरवलं नव्हतं. शपथेवर, काहीही ठरवलं नव्हतं. पण हातानं ठरवलं होतं. मालकाला न विचारता, इतकी वर्षं, चौथा आला की हात तिला झेलत होता.

आणि आत्ताही हातानं मालकाला विचारलं नाही. हार्लनचा अंगठा पुसायच्या कळेवर गेला. पडदा कोरा झाला.

"काय आलं?" मागून कोरी ओरडली. ती पोहत जवळ येत होती.

"दिसलं नाही. ऊन होतं पडद्यावर."

ती शिडीला धरून थांबली. तिचं हसू अजून तोंडावरच होतं, पण त्यातलं कुणीतरी उठून गेलं होतं.

"मग पुसलंस कशाला?"

"कुठे पुसलं? आपोआप..."

"तुझं कोपर हललं, डॅडी. जन्मभर मी तुझ्या पाठीकडे बघत आलेय. तुझं कोपर मी ओळखते."

हार्लन वळला.  बोटीखाली पाणी चुळचुळ करत होतं.

"मला माहीत नव्हतं, कोरी."

"ते कळलं मला."

"देवाशपथ माहीत नव्हतं."

"तेच तर. तू चोर असतास तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते. आता कुणाला घालू?" तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. पुसतच राहिली. "तो कप घरात आहे. त्यावर माझं नाव आहे. डेलनला मी त्या कपापायी पाठवलं."

"तू चांगली आहेस. खरंच चांगली आहेस. निळ्यावर तरी..."

"गप्प बस." असं ती त्याला कधी बोलली नव्हती. "डबा लाव. आता वेग त्यानं धरायचा. तुझा उजवा हात वर. मला दिसला पाहिजे."

"कोरी, पुरे झालं आज."

"वर."

त्यानं डबा लावला. डावा हात चाकावर, उजवा हवेत, कोर्टात शपथ घेणाऱ्यासारखा. बोट निघाली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा यायच्या आधीच हवेतली बोटं मिटायला लागली. त्यानं ती ताणून उघडी ठेवली. तिनं ओढ घेतली, आणि जिथे त्याच्या हातानं मऊ केलं असतं तिथे इंजिन उलट गुरगुरलं. दोर तुटेल इतका ताणला गेला, मग एकदम हलका झाला.

हार्लन ओरडून वळला. त्यानं बोट फिरवून थांबवली.

ती पाण्यावर बसल्यासारखी तरंगत होती. सरळ. डोकं वर.

"लागलं? खांदा? कोरी, खांदा?"

"काही नाही लागलं," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं. "पडले, आणि अजून आहे. बघितलंस? एवढंच असतं ते." मग तिनं पाण्यातली स्की ओढून जवळ घेतली. "एकदा तरी पडू द्यायचंस मला."

धक्क्यावर आल्यावर तिनं आकडीतून दोर काढला, वेटोळं केलं, आणि तो खांद्यावर टाकून आपल्या ट्रककडे चालू लागली. त्या तळ्यावर दोर कधी घरी नेत नसत, रात्रंदिवस तो बोटीतच असायचा. हार्लननं "दोर कुठे नेतेस?" असं विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला होती.

*

पुढे एका रविवारी डॉटी शेंगांची पिशवी घेऊन आली. दोघं धक्क्यावर बसली. बोट झाकलेली होती. ताडपत्रीवर सायप्रसची पानं पडली होती, ती कुणी झाडली नव्हती.

"पोर कुठे?"

"कुंपणापलीकडे. रॉइसकडे."

"रॉइसकडे!" डॉटीनं टरफल पाण्यात टाकलं. "त्याच्या तंबूत तिच्यावर हसले, आणि ती त्याच्याच तळ्यावर?"

"तिथे कुणाला तिचं काही वाटत नाही. तेच हवंय म्हणते."

"कितीवर आहे?"

"हिरव्यावर."

"पडतेय?"

"आधी पडायची." हार्लन थांबला. "आता हिरवा करते."

डॉटीनं पुढची शेंग तोंडात टाकली. तिच्या तोंडात शेंग होती, तरी लागणारं वाक्य आलंच.

"मला कळायचं हां, हार्लन."

"काय कळायचं?"

"बोटीत बसलेल्याच्या पाठीला कळतं. चौथ्याला तुझी बोट मऊ व्हायची. फक्त तिच्या वेळी. दुसऱ्या कुणाच्या वेळी नाही."

हार्लन तिच्याकडे वळला. "आणि तू गप्प बसलीस?"

"घड्याळ बरोबर यायचं की."

"डॉटी, तू पंच होतीस!"

"घड्याळाची पंच होते मी. घड्याळ बरोबर यायचं. काय लिहायचं होतं मी? बाप मऊ आहे म्हणून लिहू?" तिनं पिशवी त्याच्याकडे सरकवली. "आणि तो खांदा निखळला त्या दिवशी मी पण बोटीत होते. मला वाटलं, जाऊ दे."

ते सगळ्यांनाच वाटलं होतं. जाऊ दे. अख्ख्या गावानं एका पोरीला जाऊ दे म्हणत म्हणत राज्यात पहिली केली, आणि हसायची वेळ आली तेव्हा तिच्यावर हसले. तंबूत हसणाऱ्यांतले किती जण त्या बोटीत बसले होते, किती जणांच्या पाठीला कळलं होतं, हे हार्लन मोजू शकला असता. त्यानं मोजलं नाही. त्यानं पिशवी उचलली आणि धक्क्यावरून तळ्यात भिरकावली. शेंगा पाण्यावर पसरल्या. मगरीनं डोकं वर केलं आणि पुन्हा खाली घातलं.

"चांगल्या होत्या रे," डॉटी म्हणाली. उठली मात्र नाही.

कुंपणापलीकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. दोघंही बोलायची थांबली. ही कोरीची वेळ होती. मध्ये न उपटता राहिलेली संत्र्यांची खुंटं आणि बाभळींसारखं माजलेलं झुडूप, त्यातून पलीकडचं काही दिसत नाही. ऐकू मात्र येतं.

बोट दारातून शिरली असावी. आवाज स्थिर झाला. मग एक गुरगुर, ओढीची. पहिला. पुन्हा गुरगुर. दुसरा. तिसरा.

डॉटीनं सवयीनं खिशातल्या घड्याळाला हात घातला, आणि तसाच बाहेर काढला.

चौथ्याला इंजिन मऊ झालं नाही. गुरगुरलं, आधीच्यापेक्षा जोरात, कुणाचीही गय न करता. हार्लननं डोळे मिटले. आता आवाज एकदम हलका होईल, दोर सुटल्यासारखा. झाला नाही. पुन्हा गुरगुर. पाचवा. पुन्हा. सहावा. मग इंजिन सावकाश उतरलं, आणि पलीकडून कुणीतरी टाळी वाजवली, पगारी माणूस वाजवतो तशी, एकदाच.

"कोणता रंग होता?" डॉटीनं विचारलं.

"तो आवाजावरून नाही कळत," हार्लन म्हणाला.

त्याचा उजवा हात गुडघ्यावर होता. चौथ्याच्या वेळी तो मागे सरकला होता आणि तिथेच मिटून राहिला होता. हार्लननं डाव्या हातानं त्याची बोटं एकेक करून उघडली.